गिरणगावातल्या मुली आणि आयटीची नोकरी: पगार, बढती, रजा, रात्रपाळी याबद्दल काय माहीत असायला हवं?

लोअर परळ स्टेशनला उतरून ना. म. जोशी मार्गाला, म्हणजे जुन्या लोकांच्या डिलाईल रोडला लागलात की मफतलाल मिलच्या कंपाउंडात मॅरेथॉन फ्युचरेक्स नावाचा काचेचा टॉवर दिसतो. देशातल्या कोट्यवधी लोकांची डीमॅट खाती सांभाळणाऱ्या सीडीएसएलचं ऑफिस तिथे आहे. सेनापती बापट मार्गावर एचडीएफसी बँकेचं मुख्यालय आहे, सन मिलच्या कंपाउंडात नायकाचं ऑफिस आहे. कमला मिल, मथुरादास मिल, रघुवंशी मिल ही नावं आता ऑफिसच्या पत्त्यांत उरली आहेत. या इमारतींत सकाळी शिरणाऱ्या मुलींमधल्या बऱ्याच जणी लालबाग, परळ, नायगाव, गिरगावातल्या असतात. कोणी डेव्हलपर असते, कोणी टेस्टर, कोणी डेटा ॲनालिस्ट. घरात कोणीतरी गिरणीत होतं, पण कॉम्प्युटरवर काम करणारी घरातली पहिली तीच.

अडचण इथेच आहे. ऑफर लेटर कसं वाचायचं, पगार किती मागायचा, बाळंतपणाच्या रजेचं काय, रात्री अकराच्या कॉलला नाही म्हणता येतं का, हे सांगायला घरात कोणी नसतं. ते इथे एकत्र सांगायचा प्रयत्न केला आहे.

आधी थोडं मागे जाऊ, कारण ते आजच्या कामाचं आहे

गिरणी कामगार म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष येतो. पण १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. ती बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात असायची, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर. साच्यांवर, मेकॅनिककडे किंवा जॉबरच्या जागी बायका जवळजवळ नव्हत्या. पुढच्या पन्नास वर्षांत हा आकडा घसरत गेला आणि १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा गिरण्यांत बायका फारच थोड्या उरल्या होत्या.

याची कारणं नीट बघण्यासारखी आहेत. एक, बायकांना रात्रपाळीला कायद्याने बंदी होती आणि गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या. दोन, १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, त्याचा खर्च मालकावर पडला आणि काही मालकांनी बायका घेणंच कमी केलं. तीन, वेगवान वाइंडिंग मशीन आल्या आणि आधी गेली ती बायकांची खाती. उषाताई डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गिरणीतल्या बायकांना संघटित केलं, घेराव घातले, तरी ही घसरण थांबली नाही.

आता हीच तीन कारणं आजच्या भाषेत लिहून बघा: रात्रपाळी, बाळंतपण, ऑटोमेशन. आयटीतल्या कुठल्याही मुलीला हे शब्द ओळखीचे वाटतील. फरक असा की कायदा आज बराच बाजूने आहे आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणं तुमच्या हातात आहे. गिरणीतल्या बाईच्या हातात ते नव्हतं.

किती बायका आहेत आयटीत?

नॅसकॉम ही उद्योगाची संघटना देशाच्या आयटी मनुष्यबळात बायकांचा वाटा साधारण ३६ टक्के सांगते. इतर बऱ्याच क्षेत्रांच्या मानाने हा आकडा चांगला आहे. पण तो खालच्या पायऱ्यांवर दाट आणि वर विरळ आहे. पाच-सात वर्षांच्या अनुभवाच्या आसपास, म्हणजे लग्न आणि पहिलं मूल याच्या आगेमागे गळती होते.

२०२३ मध्ये मुंबईतच मुख्यालय असलेल्या टीसीएसने आपल्या वार्षिक अहवालात एक गोष्ट मान्य केली. त्या वर्षी कंपनी सोडणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं आणि आधी तसं नसायचं. मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख मिलिंद लक्कड यांचा अंदाज असा होता की कोविडमधल्या वर्क फ्रॉम होममुळे काही घरांची घडी वेगळी बसली आणि ऑफिस पुन्हा सुरू झालं तेव्हा ती मोडता आली नाही. घडी कशी बसते ते सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत दिसतं. बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. करिअरचा कुठलाही सल्ला हा हिशोब सोडून दिला तर अर्धाच राहतो.

कुठल्या कामाला हात घालावा?

दादर-परळच्या कॉलेजांतून बीएस्सी-आयटी किंवा संगणकशास्त्र करून बाहेर पडणाऱ्या मुलीला पहिली नोकरी बहुधा मॅन्युअल टेस्टिंग, सपोर्ट किंवा डेटा एंट्रीच्या जवळपासची मिळते. 'मुलींना टेस्टिंग बरं, वेळेवर घरी जाता येतं,' असं काही मॅनेजर उघडपणे बोलतात. नोकरी मिळत असेल तर घ्या. पण हे आजचं वाइंडिंग खातं आहे हे मनात असू द्या. हाताने करायचं टेस्टिंग आणि पहिल्या पातळीचा सपोर्ट ही कामं सॉफ्टवेअर आणि एआयकडे सर्वांत आधी सरकत आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या पातळीचे लोकही होते. अनुभव आहे म्हणून जागा पक्की, हा हिशोब आता चालत नाही.

म्हणून पहिल्या दीड-दोन वर्षांत तिथून सरकायची तयारी सुरू करा. टेस्टिंगमध्ये असाल तर ऑटोमेशन टेस्टिंग, त्यासाठी पायथन किंवा जावा. सपोर्टमध्ये असाल तर एसक्यूएल आणि लॉग वाचणं, मग क्लाउड. महागड्या क्लासची गरज असतेच असं नाही. कंपनीच्या अंतर्गत ट्रेनिंग पोर्टलवर बरंचसं फुकट असतं आणि प्रमाणपत्र परीक्षेची फीही काही कंपन्या परत देतात. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट या भागातल्या मुलींसाठी खास. बंगळुरूला प्रॉडक्ट कंपन्या आहेत, पुण्याला ऑटो आणि सेवा कंपन्या. मुंबईकडे पैसा आहे: रिझर्व्ह बँक, सेबी, शेअर बाजार, बँका, विमा, म्युच्युअल फंड. बीएसईचा संगणकीय व्यवहार १९९५ ला सुरू झाला, एनएसईचा त्याच्या आदल्या वर्षी. २७ जानेवारी २०२३ पासून देशातल्या शेअर बाजाराची सगळी सेटलमेंट टी प्लस वनवर, म्हणजे सौद्याच्या दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी होते. ही साखळी समजणारी, म्हणजे सौदा झाल्यावर पैसे आणि शेअर कुठून कुठे, कुठल्या फाइलने, किती वाजेपर्यंत जातात हे सांगू शकणारी टेस्टर किंवा ॲनालिस्ट सहजासहजी मिळत नाही. कोडिंग शिकवणारे हजार सापडतील. हे ज्ञान मात्र त्या टीममध्ये बसूनच मिळतं आणि ते फोर्ट ते लोअर परळ या पट्ट्यात जेवढं आहे तेवढं देशात क्वचित कुठे असेल. मला विचाराल तर पहिल्या नोकरीत दोन हजार रुपये कमी मिळाले तरी अशी टीम निवडावी.

सीटीसी म्हणजे पगार नव्हे

मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या पदवीधराचं पॅकेज वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास असतं आणि गेली दहा-बारा वर्षं ते फारसं हललेलं नाही. हा आकडा बाराने भागून घरी सांगू नका. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (बहुधा मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के), विम्याचा हप्ता आणि कामगिरीवरचा बदलता भागही धरलेला असतो. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावरच मिळते. तेव्हा एचआरला एकच प्रश्न विचारा: 'महिन्याला बँकेत किती जमा होतील?' आणि उत्तर ईमेलवर घ्या.

दुसऱ्या नोकरीच्या वेळी खरा फरक पडतो. मुली आकडा मागायला कचरतात. आकडा मागितला की आगाऊपणा वाटेल, ही भीती घरातूनच आलेली असते. सोपा उपाय आहे: त्याच अनुभवाच्या निदान तीन जणांना, त्यात एक तरी मुलगा असू द्या, पगार विचारून घ्या. मग मागताना 'मला एवढे हवेत' याऐवजी 'या कामाला बाजारात इतके ते इतके मिळतात, माझी अपेक्षा या आकड्याची आहे' असं म्हणा आणि गप्प बसा. पुढे लगेच 'पण थोडं कमी चालेल' हे जोडायचं नाही. समान कामाला समान वेतन हा १९७६ पासून कायदा आहे, आता तो वेतन संहितेत आहे. पण शेजारच्याचा पगार माहीतच नसेल तर कायद्याचा उपयोग करणार कसा?

बाँडबद्दल दोन शब्द. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण 'अमुक वर्षं राहा नाहीतर ट्रेनिंगचा खर्च भरा' हा बाँड वेगळा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, २ लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला. तेव्हा 'बाँडला काही अर्थ नसतो' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचा. मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. आणि नोकरी लावण्यासाठी पैसे मागणारा, मग तो कन्सल्टन्सीचा असो की व्हॉट्सॲपवरचा, नोकरी देणारा नसतो. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला तेवढ्याच तासात फोन करा. उशीर केला की पैसे पुढे सरकतात.

नाव बदलताना

याबद्दल कुठल्याच करिअर लेखात लिहिलेलं नसतं, पण मराठी घरांत हा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे लग्नानंतर फक्त आडनाव बदलत नाही. मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. कायद्याने यातलं काहीही बदलणं सक्तीचं नाही. हे एकदा स्पष्ट समजून घ्या, कारण 'बँकेत चालत नाही', 'पासपोर्टला लागतं' अशी कारणं सर्रास सांगितली जातात.

बदलायचंच ठरवलं तर सगळीकडे एकदम बदला. आधार एका नावाने, पॅन दुसऱ्या आणि पीएफचा यूएएन तिसऱ्या नावाने राहिला की नोकरी बदलताना पीएफ ट्रान्सफर अडकतो. लग्नाचं प्रमाणपत्र, गरज पडली तर राजपत्रातली नोंद, मग आधार, पॅन, बँक आणि शेवटी यूएएन हा क्रम सोयीचा पडतो. पदवीच्या कागदांवर जुनं नाव राहतं, त्याला काही अडचण नाही. दोन्ही नावं जोडणारा एक कागद जवळ असला की झालं. गिटहब आणि लिंक्डइनवर मात्र ज्या नावाने काम लोकांना माहीत आहे ते ठेवलेलं बरं.

आणखी एक: लग्नाआधी पीएफसाठी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द समजलं जातं. नवं भरावं लागतं. लग्नाच्या किंवा घर घेण्याच्या खर्चासाठी नोकरी सोडताना पीएफ काढून घेण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची नोकरीही तुटते. ट्रान्सफर करा, काढू नका.

पगाराचं खातं तुमच्या एकटीच्या नावावर असावं हे सांगायला लागू नये, तरी सांगतो. दादरला १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं तेव्हा गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची मोठी अडचण हीच होती, की कमाई त्यांची असूनही कर्जासाठी त्या सावकाराच्या दारात उभ्या असायच्या. बँकेच्या कागदावर त्यांचं नाव यायला मंडळ लागलं. तुमचं नाव तिथे आधीपासून आहे, ते पुसू देऊ नका.

दहा बाय सोळाच्या खोलीत रात्रीचा कॉल

बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरची बरीच कुटुंबं अजून वाट बघत आहेत. गिरगावातल्या चाळींची गोष्ट वेगळी नाही. अशा घरातून अमेरिकेतल्या क्लायंटचा साडेनऊचा कॉल घ्यायचा म्हणजे टीव्ही बंद, भावाचा अभ्यास बंद, आजोबांचं खोकणं म्यूट. 'वर्क फ्रॉम होम मुलींना सोयीचं' असं म्हणणाऱ्यांनी स्वतंत्र खोली गृहीत धरलेली असते.

त्यामुळे घरून काम मिळत असेल तरी आठवड्याचे निदान दोन-तीन दिवस ऑफिसला जाणं या भागातल्या मुलींना फायद्याचं पडतं, अगदी जागेच्या कारणानेसुद्धा. शिवाय बढतीच्या गप्पा चहाच्या टपरीवर होतात, टीम्सवर नाही. हे चूक आहे, पण असं आहे. अभ्यासासाठी मंडळांच्या अभ्यासिका आहेतच. तिथे स्पर्धा परीक्षेवाल्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसायला कोणी ना म्हणत नाही, कॉल मात्र घेता येत नाही.

रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबायला सांगितलं तर? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय कंपनीने करायची असते. दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत. चाळीच्या गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून नाक्यावर सोडलं असं होत असेल तर ते ट्रान्सपोर्ट डेस्कला लिहून कळवा. संमती द्यायची नसेल तर ती नाकारण्याचा हक्क तुमचा आहे. त्याच कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढतीत बाई म्हणून भेदभाव करायला मनाई आहे. म्हणजे 'नाइट करत नाही ना, मग बढती नाही' हे उत्तर लेखी मागून बघा, बहुधा ते लेखी मिळत नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात. ऐरोली, महापे, पवई, सीप्झ, मालाड इथे नोकरी मिळाली की घरचे लांब म्हणून नाक मुरडतात. पण दादरहून सकाळी उत्तरेकडे जाणं हे गर्दीच्या उलट दिशेने जाणं आहे. बोरिवलीहून लोअर परळला येणाऱ्या मुलीला विचारा. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली ती उगीच नाही. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यामुळे गिरगाव किंवा दादरहून गाडी न बदलता बीकेसी आणि सीप्झला जाता येतं. लालबाग-परळकरांना मात्र आधी दादर गाठावं लागतं.

मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं?

वाढदिवसाचा केक, नव्या मुलाला सगळं समजावणं, मीटिंगची टिपणं, दिवाळीची रांगोळी. ही कामं वाईट नाहीत, पण अप्रेझलमध्ये त्यांना रकाना नसतो. एकदा केलंत की ती तुमचीच होतात. दुसऱ्यांदा सांगितलं तर 'मागच्या वेळी मी केलं, या वेळी बाकीच्यांपैकी कोणीतरी करू दे' एवढं हसून म्हणता येतं. ज्या मुलींना हे जमत नाही त्यांनी निदान ते काम नोंदीत तरी आणावं.

नोंद म्हणजे वही. दर शुक्रवारी दहा मिनिटं: या आठवड्यात काय केलं, कुठला बग पकडला, त्यामुळे कंपनीचं काय वाचलं, कोणी कौतुकाचं ईमेल पाठवलं. एप्रिलमध्ये अप्रेझल असेल तर आकडे बहुतेक फेब्रुवारीतच ठरलेले असतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत मॅनेजरला अर्धा तास मागा आणि वहीतल्या पाच गोष्टी सांगा. 'माझं काम बोलेल' हे वाक्य शाळेत ठीक होतं. पन्नास माणसांच्या टीममध्ये काम बोलत नाही, माणूस बोलतो.

सुधा मूर्तींची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं, त्यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली. ती गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात. मला त्यातलं व्यवहाराचं अंग जास्त आवडतं. तक्रार नेमक्या माणसाकडे, लेखी आणि थोडक्यात पोचली होती.

बाळंतपणाची रजा: इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो

मूळ नियम २०१७ च्या दुरुस्तीचा आहे, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या तारखेआधी घेता येतात. दोन मुलं असताना तिसऱ्यासाठी १२ आठवडे. पात्र होण्यासाठी अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलं हवं. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची रजा आहे, ही बाब फार थोड्या जणींना माहीत असते आणि बहुतेक जणी स्वतःची आजारपणाची रजा खर्च करतात.

रजेवर असताना काढून टाकणं किंवा नोकरीच्या अटी वाईट करणं बेकायदा आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं असतं. रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर आपसांत ठरवून घरून काम करता येतं. हा हक्क नाही, पण कायद्याने उघडून ठेवलेलं दार आहे; परतण्याच्या आठवड्यात नव्हे, रजेवर जाण्याआधीच लेखी विचारा.

कंत्राटावर असाल, म्हणजे काम एका कंपनीत आणि पगार दुसऱ्या कंपनीकडून, तर पगार देणारी कंपनी तुमची मालक. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी पात्र बाईला प्रसूतीचा पूर्ण लाभ मिळायला हवा. हे एचआरला माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे.

कधी सांगायचं? साधारण तिसरा महिना उलटल्यावर बहुतेक जणी सांगतात. मॅनेजरला तोंडी सांगितल्यावर त्याच दिवशी एचआरला ईमेल करा, त्यात तारीख येऊ द्या. मुलाखतीत 'लग्न कधी?', 'मुलाचा विचार?' असं विचारलं तर भांडायची गरज नाही. 'या कामासाठी जी वेळ लागते ती मी देऊ शकते' हे पुरेसं उत्तर आहे. पण असा प्रश्न विचारणारी कंपनी पुढे कशी वागेल याचा अंदाज मात्र तिथेच घ्या.

रजेच्या वर्षाचं अप्रेझल हा खरा झगडा. सहा महिने काम केलेलं असताना 'या वर्षी तू नव्हतीस' म्हणून सर्वांत खालचं रेटिंग देतात. जितके महिने काम केलं तितक्यांचं मूल्यमापन करा, अशी मागणी करायची आणि वही पुढे ठेवायची. राजीनामा द्यायला सुचवलं तर त्या खोलीत काहीही सही करू नका. 'घरी बोलून उद्या सांगते' एवढं म्हणून बाहेर या.

त्रास झाला तर

२०१३ चा कायदा दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची करतो. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य बाहेरची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची; कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्याची बदली, किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत वेगळी रजा मागता येते. कंपनीची गाडी, क्लायंटचं ऑफिस, कामासाठीचा दौरा हे सगळं कामाच्या जागेत येतं. तुम्ही कंत्राटी किंवा इंटर्न असलात तरी तक्रार करता येते.

दहापेक्षा कमी माणसांच्या स्टार्टअपमध्ये असाल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. लक्षात ठेवा, कुलाबा ते माहीम-सायन हा मुंबई शहर जिल्हा आणि त्यापुढे उपनगर जिल्हा. ऑफिस जिथे असेल त्या जिल्ह्याची समिती. केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. मेसेजचे स्क्रीनशॉट ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, तो एका मिनिटात परत घेतला जातो. तातडीचा धोका असेल तर मुंबई पोलिसांचा बायकांसाठीचा क्रमांक १०३.

मध्ये दोन-चार वर्षं थांबलात तर

ब्रेक लपवू नका. रेझ्युमेत तारखांची चलाखी केली की पार्श्वभूमी तपासणीत पीएफच्या नोंदींवरून ती पकडली जाते. सरळ लिहा: '२०२१ ते २०२४, कौटुंबिक जबाबदारी', आणि खाली त्या काळात केलेला एखादा कोर्स किंवा छोटा प्रोजेक्ट. टाटा समूहाने २००८ मध्ये ब्रेकनंतर परतणाऱ्या बायकांसाठी सेकंड करिअर इंटर्नशिप सुरू केली. त्यानंतर अनेक मोठ्या बँकांनी आणि आयटी कंपन्यांनी असे रिटर्नशिपचे कार्यक्रम काढले. त्यांत बहुधा काही महिने पगारी काम आणि मग कायम नोकरीचा निर्णय असतो. परदेशी ओपन सोर्स प्रकल्पांत शिरायचं असेल तर आउटरीची ही तीन महिन्यांची घरून करायची इंटर्नशिप आहे. तिचा स्टायपेंड ७,००० डॉलर आहे. अर्जाच्या वेळी प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान द्यावं लागतं, त्यामुळे निदान महिनाभर आधी सुरुवात करा.

परत येताना एक पायरी खाली यायची तयारी ठेवावी लागते, असं सगळे सांगतात. पगारात थोडं खाली या, पदनामात येऊ नका. पगार पुढच्या नोकरीत भरून निघतो, पण 'ज्युनियर' हा शिक्का पुसायला तीन-चार वर्षं जातात. आणि पहिल्या महिन्यात घरी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, हे ऑफर स्वीकारण्याआधी ठरवा. आई किंवा सासूबाईंनी 'बघू गं, होईल' म्हटलं तर ते ठरलं असं धरू नका. वार वाटून घ्या आणि त्यात नवऱ्याचेही वार असू द्या.